भिन्न रॅम मॉड्यूलांच्या एकत्र वापरातून डेस्कटॉप संगणकाची स्मृतिवृद्धी : तंत्र, मर्यादा आणि विश्वासार्हता

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत, परीक्षा विभागांत व ग्रंथालयांत दहा-बारा वर्षांपूर्वी खरेदी केलेले डेस्कटॉप संगणक आजही अनेक ठिकाणी वापरात असलेले आढळतात. या संगणकांतील प्रोसेसर लेखनकाम, गुणांचे तक्ते किंवा प्राथमिक सांख्यिकी विश्लेषण यांसाठी अद्यापि पुरेसा असतो. अपुरी पडते ती स्मृती, म्हणजेच रॅम. संपूर्ण नवा संगणक घेण्याइतकी आर्थिक तरतूद नसते, तेव्हा आहे त्याच संगणकातील रॅम वाढविणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. अशा वेळी जुनी पट्टी तशीच ठेवून मोकळ्या स्लॉटमध्ये दुसरी, बहुधा वेगळ्या कंपनीची, वेगळ्या क्षमतेची व वेगळ्या वेगाची पट्टी बसविली जाते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या माहिती केंद्रांच्या प्रचंड मागणीमुळे स्मृतिचिपांच्या किमती वेगाने वाढल्या. त्यामुळे बंद पडलेल्या संगणकातील पट्टी काढून चालू संगणकात बसविण्याच्या प्रथेला नव्याने महत्त्व आले आहे.

या विषयावर दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या व एकाच वेगाच्या असल्याच पाहिजेत, अन्यथा संगणक मंद होतो किंवा बिघडतो, असे एक मत आहे. पट्टी स्लॉटमध्ये बसली आणि पडद्यावर चित्र आले, म्हणजे काम झाले, असे दुसरे मत आहे. पहिल्या मतातील भीती वेगाच्या बाबतीत बव्हंशी अनाठायी आहे. दुसऱ्या मतातील निश्चिंतपणा मात्र विश्वासार्हतेच्या बाबतीत धोकादायक आहे. परीक्षेचे गुण आणि संशोधनाची आधारसामग्री ज्या यंत्रांवर हाताळली जाते, तेथे हा भेद स्पष्ट होणे आवश्यक आहे.

रॅमची अंतर्गत रचना

आजच्या मुख्य स्मृतीचे मूळ आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. तिचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर यांच्या साहाय्याने एक बिट साठविणे, ही ती कल्पना होय. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १ आणि नसला तर ०. परंतु हा भार सतत गळत असतो. छिद्र पडलेल्या रांजणासारखी त्याची स्थिती असते. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास हा अवधी निम्मा करावा लागतो. संगणकाची स्मृती ही अशा रीतीने क्षणोक्षणी राखावी लागणारी वस्तू आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एका पट्टीवर अशा अनेक चिपा असतात. डेस्कटॉपच्या सामान्य पट्टीवरील प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते आणि अशा ८ चिपा मिळून ६४ बिट तयार होतात. ६४ बिटांच्या या संचास रँक म्हणतात. पट्टीवर ८ चिपा असतील तर ती बहुधा एका रँकची व १६ असतील तर दोन रँकची असते. दोन पट्ट्यांची क्षमता समान असूनही त्यांची ही घडण वेगळी असू शकते. ४ जीबीची एक पट्टी ८ चिपांची, तर दुसरी १६ चिपांची असते.

‘जोडी’च्या आग्रहाचे मूळ

रॅम जोडीनेच बसवावी लागते, हा समज निराधार नाही. तो केवळ जुना झाला आहे. ४८६ प्रोसेसरच्या काळातील ३० पिनांची पट्टी एका वेळी ८ बिट देत असे आणि प्रोसेसरला ३२ बिट लागत. त्यामुळे सारख्या चार पट्ट्या एकत्र बसविल्याखेरीज संगणक सुरूच होत नसे. पुढे ७२ पिनांची ३२ बिटांची पट्टी आली, परंतु पेन्टियमचा स्मृतिमार्ग ६४ बिटांचा असल्याने तेथे दोन सारख्या पट्ट्या अनिवार्य झाल्या. १६८ पिनांच्या, स्वतः ६४ बिटांच्या पट्ट्या रूढ झाल्यावर ही सक्ती संपली. ज्यांनी संगणक दुरुस्तीचे काम नव्वदच्या दशकात शिकून घेतले, त्यांच्याकडून हा नियम पुढील पिढीला मिळाला आणि कारण नाहीसे झाल्यावरही नियम उरला.

कोणत्या पट्ट्या एकत्र येऊच शकत नाहीत

पिढीचा भेद हा मात्र न ओलांडता येणारा आहे. डीडीआर२ साठी १.८ व्होल्ट, डीडीआर३ साठी १.५ व्होल्ट, डीडीआर४ साठी १.२ व्होल्ट आणि डीडीआर५ साठी १.१ व्होल्ट असा विद्युतदाब लागतो. डीडीआर२ व डीडीआर३ या दोहोंना २४० पिना असतात आणि डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंना २८८; तथापि पट्टीच्या कडेवरील खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी ठेवलेली असते. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ही योजना आहे. पट्टी बसत नाही म्हणून अंगठ्याने जोर लावणे म्हणजे मदरबोर्ड गमावणे होय.

खाच जुळूनही न चालणाऱ्या पट्ट्या अधिक फसव्या असतात. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड प्रकारच्या डीडीआर३ व डीडीआर४ पट्ट्या जुन्या मालाच्या बाजारात स्वस्त मिळतात. त्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतात, परंतु सर्वसाधारण डेस्कटॉप त्यांच्यावर सुरू होत नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ पट्ट्यांचेही असेच आहे. त्यांच्या चिपा ८ ऐवजी ४ बिटांच्या असतात आणि ही मांडणी इंटेलच्या सामान्य डेस्कटॉप प्रोसेसरांना हाताळता येत नाही. चिपेच्या घनतेची मर्यादा हा तिसरा प्रकार. इंटेलच्या जी४१ चिपसेटवरील डीडीआर३ मदरबोर्डांवर १६ चिपांची ४ जीबी पट्टी चालते, पण ८ चिपांची ४ जीबी पट्टी चालत नाही. कारण दुसऱ्या पट्टीतील प्रत्येक चिप ४ गिगाबिटची असते आणि त्या चिपसेटला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखता येते. येथे नवी पट्टी सदोष नसते, मदरबोर्डही सदोष नसतो. तरीही दुकानदार व ग्राहक परस्परांस दोष देतात.

१.३५ व्होल्टची डीडीआर३एल पट्टी १.५ व्होल्टवरही चालण्यासाठी बनविलेली असते. म्हणून जुन्या डीडीआर३ पट्टीसोबत ती बसविता येते, दोन्ही १.५ व्होल्टवर चालतात. याच्या उलट स्थितीत, म्हणजे जो संगणक फक्त १.३५ व्होल्ट पुरवितो त्यात, जुनी १.५ व्होल्टची पट्टी बसवू नये.

संगणक सुरू होताना घडणारी वाटाघाट

प्रत्येक पट्टीवर स्मृतिचिपांखेरीज एक इवलीशी स्वतंत्र चिप असते. तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते: क्षमता, रँक, विद्युतदाब, कोणत्या वेगाला किती विलंब लागतो, निर्माता कोण, अनुक्रमांक कोणता. या नोंदीस एसपीडी असे नाव आहे. डीडीआर३ मध्ये ती २५६ बाइटची, डीडीआर४ मध्ये ५१२ बाइटची व डीडीआर५ मध्ये १०२४ बाइटची असते. तिचा आराखडा जेडेक या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने ठरविला असल्यामुळे कोणत्याही कंपनीची पट्टी कोणत्याही कंपनीच्या मदरबोर्डला वाचता येते. भिन्न कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालू शकतात, याचे श्रेय या मानकीकरणाला आहे.

संगणक सुरू होताच बायोस सर्व पट्ट्यांच्या नोंदी वाचते आणि सर्वांना झेपेल असा वेग निवडते. बैलगाडीला जुंपलेल्या दोन बैलांपैकी संथ बैलाची चाल हीच गाडीची चाल, असा हा न्याय आहे. एक प्रत्यक्ष उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. इंटेलचा २०११ मधील कोअर आय३-२१२० हा प्रोसेसर व एच६१ चिपसेट असलेला संगणक घेऊ. या चिपसेटला रॅमचे जास्तीत जास्त दोन स्लॉट व एकूण १६ जीबीपर्यंतची मर्यादा आहे. एका स्लॉटमध्ये मूळची २ जीबी डीडीआर३-१३३३ पट्टी आहे आणि दुसऱ्यात नवी ४ जीबी डीडीआर३-१६०० पट्टी बसविली आहे.

या प्रोसेसरची स्वतःची अधिकृत कमाल मर्यादाच १३३३ आहे. म्हणजे दोन्ही पट्ट्या १६०० च्या घेतल्या असत्या तरी त्या १३३३ वरच चालल्या असत्या. नव्या पट्टीचा जादा वेग येथे ‘वाया’ गेला असे म्हणण्यात अर्थ नाही. पुढचा प्रश्न विलंबाचा. पट्टीवर सीएल९, सीएल११ असे जे आकडे असतात ते घड्याळाच्या ठोक्यांचे असतात, प्रत्यक्ष वेळेचे नव्हेत. १३३३ च्या वेगाला एक ठोका १.५ नॅनोसेकंदांचा असतो. ९ ठोके म्हणजे १३.५ नॅनोसेकंद. १६०० च्या वेगाला ठोका १.२५ नॅनोसेकंदांचा; ११ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. आकडा मोठा दिसला तरी काळ जवळपास तोच आहे. १६०० च्या बहुतेक पट्ट्यांच्या नोंदीत किमान विलंब १३.१२५ नॅनोसेकंद असा लिहिलेला असतो. १.५ ने भागल्यास ८.७५ येतात, ठोका अर्धामुर्धा मोजता येत नाही, म्हणून वरचा पूर्णांक ९ घेतला जातो. जुन्या पट्टीचेही ९ च आहेत. अशा रीतीने सीएल९ व सीएल११ या ‘न जुळणाऱ्या’ पट्ट्या प्रत्यक्षात तंतोतंत जुळतात.

डीडीआर४ मध्येही हेच घडते. २४०० ची अधिकृत मर्यादा असलेल्या आठव्या पिढीच्या कोअर आय३-८१०० संगणकात जुन्या २४०० च्या पट्टीशेजारी ३२०० ची पट्टी बसविल्यास दोन्ही २४०० वर चालतात. मात्र ज्या पट्टीवर ३२०० किंवा ३६०० हा आकडा एक्सएमपी या जादा वेगाच्या नोंदीतून आलेला असतो, तिची मूळ जेडेक नोंद बहुधा बरीच खालची असते. मिश्र पट्ट्यांत एक्सएमपी बंद ठेवणे, हेच शहाणपणाचे.

दोन चॅनेल आणि असमान क्षमता

प्रोसेसरपासून रॅमपर्यंत ६४ बिटांचे दोन समांतर मार्ग, म्हणजे चॅनेल असतात. डीडीआर३-१३३३ ची एक पट्टी सेकंदाला सुमारे १०.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन चॅनेलमध्ये दोन पट्ट्या असल्यास सैद्धान्तिक मर्यादा दुप्पट, म्हणजे २१.३ जीबी होते. क्षमता असमान असेल तर दुहेरी मार्ग बंद पडतो, असे सांगितले जाते. इंटेलच्या फ्लेक्स मेमरी तंत्रामुळे तसे होत नाही. वरील उदाहरणात २ जीबीच्या पट्टीचे २ जीबी आणि ४ जीबीच्या पट्टीतील पहिले २ जीबी असे एकूण ४ जीबी दोन्ही मार्गांनी चालतात. उरलेले २ जीबी एकेरी मार्गाने चालतात. आय३-२१२० मधील ग्राफिक्स मुख्य स्मृतीचाच वापर करत असल्याने दुहेरी मार्गाचा लाभ तेथे विशेष जाणवतो.

त्यापेक्षाही एक तुलना निर्णायक आहे. रॅममधून माहिती मिळण्यास १०० नॅनोसेकंदांच्या आसपास काळ लागतो. रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम काही माहिती हार्ड डिस्कवर ठेवते आणि तेथून ती आणण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. हे अंतर एक लाख पटींचे आहे. म्हणून २ अधिक २ जीबीच्या तंतोतंत जुळणाऱ्या जोडीपेक्षा २ अधिक ४ जीबीची विजोड जोडी प्रत्यक्ष कामात सरस ठरते, कारण संगणक अडतो तो रॅम संपल्यावर. जुळणी साधण्यासाठी चालू पट्टी काढून टाकणे हा अशा संगणकाच्या बाबतीत अपव्यय होय.

अर्थात रॅम वाढवून सुटणारे प्रश्न मर्यादितच आहेत. ३२ बिटांची विंडोज असल्यास ४ जीबीच्या पुढील रॅमचा उपयोग होत नाही. प्रत्यक्षात त्याहूनही थोडी कमीच मिळते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. वरील एच६१ संगणकात १६ जीबी रॅम घातली तरी ही अट पूर्ण होत नाही. असे संगणक ६४ बिटांच्या लिनक्सवर चालवावयाचे असतील, तरच त्यांच्या स्मृतीवर खर्च करावा.

विश्वासार्हतेचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन मिश्र पट्ट्यांच्या बाजूचे झाले. परंतु वाटाघाट यशस्वी होणे म्हणजे वीण पक्की बसणे नव्हे. एसपीडीतील नोंद हे निर्मात्याने दिलेले आश्वासन असते. ती पट्टी दहा वर्षे उष्णतेत व धुळीत राहिली आहे, तिच्या शेजारी आता वेगळ्या घडणीची पट्टी आहे आणि त्यामुळे स्मृतिमार्गावरील विद्युतभार बदलला आहे, हे त्या नोंदीत लिहिलेले नसते. एकेकट्या निर्दोष ठरलेल्या दोन पट्ट्या एकत्र आल्यावर चुका करतात, असे म्हणूनच घडू शकते. वाचनाचा क्षण किंचित पुढे-मागे झाला, तर एका पट्टीला तो मानवतो व दुसरीला मानवत नाही.

पट्टी पूर्णपणे बिघडली असती तर बरे, असे म्हणण्याची वेळ येते. कारण संगणक सुरू न होणे हा प्रामाणिक बिघाड आहे. एखाद-दुसरा बिट कधीतरी बदलणे हा अप्रामाणिक बिघाड होय. सर्व्हरमध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त करणारी ईसीसी योजना असते. सामान्य डेस्कटॉपमध्ये ती नसते. डीडीआर५ मध्ये चिपेच्या आत चूक-दुरुस्तीची सोय आली आहे, परंतु चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या मार्गावरील चूक तिला दिसत नाही.

एका बिटाने काय होते? ३८ ही पूर्णांक संख्या द्विमान पद्धतीत ००१००११० अशी लिहिली जाते. तिच्यातील १६ च्या स्थानावरील शून्याचा एक झाला की ००११०११०, म्हणजे ५४ होतात. अनुत्तीर्ण विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि तक्त्यात कोठेही लाल खूण उमटत नाही. युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षराचा संकेतांक २३२५ आहे व ‘ग’ चा २३२७. या दोहोंत नेमका एका बिटाचा फरक आहे. त्यामुळे एक बिट बदलताच ‘काळे’ या आडनावाचे ‘गाळे’ होते. ही अक्षरे टंकलेखकाच्या हातून चुकली असती तर पडताळणीत त्याला विचारता आले असते. येथे विचारणार कोणाला?

ही भीती केवळ तात्त्विक नाही. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्सनजीकच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या इलेक्ट्रॉनिक मतांत ४०९६ मते अधिक आढळली. ही संख्या २ चा बारावा घात, म्हणजे नेमक्या एका बिटाची किंमत आहे. तपासणीत संगणकप्रणालीत दोष सापडला नाही आणि स्मृतीतील एक बिट आपोआप बदलला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. मिळालेली मते शक्य असलेल्या संख्येहून अधिक होती, एवढ्याच कारणाने ही चूक उघडकीस आली. तोच बदल खालच्या स्थानावरील बिटात झाला असता, तर १६ किंवा ३२ मतांचा फरक कोणाच्याही ध्यानी आला नसता.

टोरांटो विद्यापीठातील बियान्का श्रोडर यांनी गूगलमधील सहकाऱ्यांसमवेत २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गूगलच्या सर्व्हरपैकी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत व ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत वर्षभरात किमान एक दुरुस्तीयोग्य चूक नोंदली गेल्याचे आढळले. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच अधिक असते, हेही त्यातून दिसले. तेथे ईसीसी होती म्हणून चुका मोजता तरी आल्या. प्रयोगशाळेतील डेस्कटॉपवर त्या मोजल्याच जात नाहीत, आणि न मोजलेल्या चुका नसतातच असे मानण्याची सवय मात्र जडते.

बसविणे आणि तपासणे

पट्टी बसविण्यापूर्वी वीजपुरवठ्याची वायर काढून ठेवावी व पेटीच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. जुन्या पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासून स्वच्छ करण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे आणि अनेकदा तिने काम भागतेही. परंतु सोन्याचा तो मुलामा अत्यंत पातळ असतो. प्रत्येक सुट्टीनंतर सर्व पट्ट्या घासण्याचा परिपाठ त्यांचे आयुष्य कमी करतो. एकदा, हलक्या हाताने, आणि रबराचा चुरा पूर्ण झटकून, इतकेच पुरे. नवी पट्टी बसविल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो, कारण स्मृतिनियंत्रक संकेतांची वेळ नव्याने जुळवीत असतो. डीडीआर५ मध्ये तर काही मिनिटे पडदा काळा राहतो. घाबरून बटण दाबू नये.

लेबलावर विसंबणेही योग्य नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून आणलेली वापरलेली पट्टी असो की दुसऱ्या विभागातून मागवून घेतलेली असो, तिची एसपीडी नोंद सीपीयू-झेडसारख्या विनामूल्य साधनाने वाचून लेबलाशी ताडून पाहावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्मृती प्रत्यक्ष कोणत्या वेगाने चालू आहे व किती स्लॉट भरलेले आहेत, हे दिसते.

यानंतरचा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि खरे पाहता तोच अटळ आहे. मेमटेस्ट८६+ हे विनामूल्य साधन पेन ड्राइव्हवरून चालते आणि ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय संपूर्ण रॅम निरनिराळ्या आकृतिबंधांनी लिहून-वाचून पाहते. त्याची ६.० ही पुनर्लिखित आवृत्ती २०२२ मध्ये आल्यापासून नव्या संगणकांवरही ते चालते. सायंकाळी सुरू करून रात्रभर चालू ठेवावे. सकाळी चुकांचा आकडा शून्य असला पाहिजे. हजारो कोटी वाचनांत एकच चूक झाली, एवढ्याने काय बिघडते, असा युक्तिवाद येथे करता येत नाही. एक चूक आढळली तरी ती जोडी अमान्य समजावी. विंडोजमधील अंगभूत स्मृतिचाचणी त्यामानाने ढोबळ आहे. तिने चूक दाखविली तर ती मानावी, परंतु तिने दिलेल्या निर्वाळ्यावर थांबू नये.

चूक आढळल्यास प्रत्येक पट्टी एकेकटी, त्याच एका स्लॉटमध्ये तपासावी. एकच पट्टी चुकत असेल तर ती बाद करावी. दोन्ही एकेकट्या शुद्ध असतील तर दुसरा स्लॉट तपासावा आणि तोही निर्दोष असेल तर दोष संयोगाचा आहे, असे समजावे. अशा वेळी बायोसमधून वेग एक पायरी खाली आणून, १३३३ ऐवजी १०६६, पुन्हा रात्रभराची चाचणी घ्यावी. वेगाचा हा तोटा दैनंदिन कामात जाणवतही नाही. विद्युतदाब वाढवून चुका दाबण्याचा उपाय हौशी मंडळींत प्रचलित असला, तरी संस्थेच्या संगणकावर तो करू नये.

चार स्लॉटच्या नव्या संगणकांत तर समान पट्ट्यांनाही वेग कमी करावा लागतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन डीडीआर५ पट्ट्यांसाठी ५२०० ची अधिकृत मर्यादा आहे. चार पट्ट्या बसविल्या की ती ३६०० वर येते. त्यात भिन्नतेची भर पडल्यास संगणक सुरूच न होण्याचे प्रसंग येतात. डीडीआर५ च्या बाबतीत म्हणून जुन्या पट्ट्या काढून अपेक्षित क्षमतेच्या दोनच पट्ट्या घेणे इष्ट. डीडीआर३ व डीडीआर४ बाबतची उदारता तेथे लागू पडत नाही.

नोंदींची व्यवस्था

जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद एक नग म्हणून असते. आतील पट्ट्या त्या नगात गृहीत धरलेल्या असतात. परिणामी एका संगणकातील तपासलेली पट्टी दुसऱ्यात जाते, दुसऱ्यातील तिसऱ्यात येते आणि कोणती जोडी चाचणीत उत्तीर्ण झाली होती, हे वर्षभरात कोणालाच सांगता येत नाही. चाचणी पट्टीची होत नाही, जोडीची व स्लॉटची होते. पट्टी हलविली की जुना निकाल रद्द होतो. म्हणून प्रत्येक संगणकाच्या नोंदीसमोर पट्टीचा निर्माता, क्षमता, अनुक्रमांक, स्लॉट, चाचणीची तारीख व मिळालेला वेग ही माहिती लिहावी आणि तीच पेटीच्या आतील बाजूस चिकटवावी. परीक्षा विभाग व संशोधन केंद्र यांतील संगणकांसाठी उपलब्ध पट्ट्यांतील एकसारख्या जोड्या आधी राखून ठेवाव्यात आणि विजोड पट्ट्या वाचनकक्ष किंवा सरावाच्या संगणकांकडे वळवाव्यात. मिश्र पट्ट्यांच्या संगणकावर गुणांची नोंद करण्यावाचून पर्याय नसेल, तर अंतिम तक्त्यातील बेरजा दुसऱ्या संगणकावर स्वतंत्रपणे करून ताडून पाहाव्यात. झिप केलेली फाइल उघडताना ती बिघडल्याची सूचना वारंवार येणे, तीच फाइल दोनदा नकलून घेतल्यावर दोन्ही प्रती न जुळणे किंवा निरनिराळे प्रोग्राम कारणाशिवाय बंद पडणे, ही स्मृतिदोषाची लक्षणे असू शकतात. ती दिसताच व्हायरसचा शोध घेण्यापूर्वी ती रात्र मेमटेस्टला द्यावी.